जोडीनं आलात तरच ताट

माझ्या नवऱ्याचं पक्कं मत आहे की मी आयुष्यभर एसीत बसले आणि काम मशीननं केलं. अगदी खरं आहे. मशीनला कमीत कमी काम पडावं म्हणूनच तर मला पगार मिळत होता. नोकरी सोडली तरी जबलपुरातली निम्मी दुकानं मला अजून त्याचसाठी बोलावतात. 'निम्मी' जरा वाढवून सांगितलं. पण दिवाळी अंकात लिहायचं आणि वाढवायचं नाही, तर मग ऑफिसचा अहवालच लिहिलेला काय वाईट?

माझं काम डेटाबेसचं. तोंड वाकडं करू नका, सोपं आहे. कुठल्याही धंद्याची माहिती एका जागी ठेवत नाहीत. गिऱ्हाइकांची नावं एकीकडे, माल दुसरीकडे, बिलं तिसरीकडे. प्रत्येकाचा वेगळा तक्ता, त्याला आम्ही टेबल म्हणतो. स्वयंपाकघरात तांदूळ डब्यात असतो, लोणचं बरणीत असतं आणि तूप तुमच्या सासूच्या ताब्यात असतं, तसंच हे. सगळं एकाच पातेल्यात ओतलं तर शोधायला सोपं, पण खाववणार नाही. म्हणून वेगवेगळं ठेवायचं आणि कुणी मागितलं की चार डब्यांतून थोडं थोडं काढून एक ताट वाढून आणायचं. या वाढण्याला जॉइन म्हणतात. मी पंचवीसेक वर्षं हीच ताटं वाढली. घरी नवरा स्वतःचं स्वतः वाढून घेतो, हा त्याचा तक्रारीचा मुद्दा आहे.

ताट वाढणं सगळ्यांना येतं. लवकर वाढणं फार थोड्यांना येतं. सदर बाजारात एक सेठजी आहेत, शाळेचे आणि फौजी लोकांचे युनिफॉर्म विकतात. जूनमध्ये त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका जूनमध्ये त्यांनी मला बोलावलं.

"दीदी, मशीन बूढ़ी हो गई है. बिल बनते-बनते ग्राहक सामनेवाले के यहाँ से जूते खरीद के आ जाता है."

"तो जूते भी आप ही रख लीजिए."

"मज़ाक मत करो दीदी, नई मशीन ले लूँ क्या?"

मशीन तरणीताठी होती. दोष तिला दिलेल्या हुकमात होता. दुकान सदरमध्ये, पण माहिती ठेवलेला मोठा कम्प्युटर गावाच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याच्या गोदामात. बिलात शर्ट आला की प्रोग्राम गढ्याला विचारायचा, शर्टाचा भाव काय? उत्तर घेऊन परत. मग पुन्हा गढ्याला, शर्टावर कर किती? परत. मग शर्ट शिल्लक आहे का? परत. मग पॅन्ट. मग टाय. मग मोजे. माझी सासू मला अशीच बाजारात पाठवायची. कोथिंबीर आणून टेकले की म्हणायची, "अगं, मिरच्या राहिल्या." मिरच्या आणल्या की आलं. तिला मला घराबाहेर ठेवायचं होतं, तेव्हा तिच्या पद्धतीला काही अर्थ तरी होता. प्रोग्रामला तो नव्हता. मी हुकूम बदलला. बिलातल्या सगळ्या वस्तूंची नावं एकदम सांगायची, भाव, कर, शिल्लक सगळं एकाच फेरीत मागवायचं. दुसऱ्या दिवशी बिल असं झटक्यात निघालं की सेठजी घाबरले. "दीदी, कुछ छूट तो नहीं गया?"

हा प्रश्न लक्षात ठेवा. माणूस हुशार होता. कारण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि तिच्यात नेमकं तेच झालं होतं. काहीतरी सुटलं होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या मराठी मंडळाचं वधू-वर केंद्र कुमुदकाकू चालवतात. निवृत्त शिक्षिका, उंची बेताची, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जबलपूरची मराठी घरं मोजकी, आणि मुलं एकमेकांशी हिंदीत भांडत मोठी झालेली. मराठी सून किंवा जावई हवा, तर नागपूर, अमरावती, रायपूर, इंदूर अशा सगळ्या गावांच्या मंडळांनी आपापली यादी एकत्र केली आणि त्याचं एक सॉफ्टवेअर बनवलं. बनवलं नानांच्या पुण्याच्या जावयानं. नाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. मोठे अधिकारी होते, आता ज्योतिष बघतात, आणि दोन्ही खात्यांत त्यांचा शब्द अखेरचा.

सॉफ्टवेअर फुकटात झालं होतं, आणि तसंच चालत होतं. मुलीचं नाव घालायचं, बटन दाबायचं, आणि जुळणारी स्थळं येईपर्यंत मुलीचं वय वाढताना बघत बसायचं. आता मंडळानं मोठा मेळावा ठरवला होता. बाहेरगावचे पाहुणे येणार, पडद्यावर एकेक मुलगा-मुलगी दाखवणार, तिथल्या तिथे जुळणारी स्थळं काढून देणार. काकूंनी मला फोन केला.

"शोभा, ही मशीन काहून अशी करून राहिली गं? परवा एक बाई स्थळ बघायला बसली. स्वेटर अर्धा विणून झाला, तरी स्थळ काही येऊन नाही राहिलं."

मी गेले, आत डोकावले. सासूबाईंची बाजाराची पद्धत इथेही होतीच. एकेका मुलासाठी घरच्यांची माहिती वेगळी मागवायची, शिक्षण वेगळं, फोटो वेगळा, पत्रिका वेगळी. त्यावर आणखी एक. पत्रिकांच्या टेबलाला इंडेक्स नव्हता. इंडेक्स म्हणजे काय, तर गढ्याच्या गल्लीत कुणाचं घर शोधायचं असेल तर दोन मार्ग. पहिल्या घरापासून प्रत्येक दार ठोठावायचं, किंवा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारायचं. तो मान न वळवता सांगतो, "तीसरी गली, हरा दरवाज़ा, कुत्ते से बचके." पानवाला म्हणजे इंडेक्स. जावईबापूंनी पानवाला ठेवलाच नव्हता. प्रत्येक मुलाची पत्रिका शोधताना मशीन अख्ख्या वस्तीची दारं वाजवत फिरायची. शिवाय यादीतून कुणी कधी काढलेलं नव्हतं, त्यामुळे ज्यांची पोरं शाळेत जातात असे नवरदेवही त्या वस्तीत राहत होते.

मी पानवाला बसवला, फेऱ्या एकत्र केल्या, बाप झालेल्या नवरदेवांना बाहेर काढलं. काकूंनी बटन दाबलं आणि स्थळं हजर. काकू दचकून खुर्चीत मागे सरकल्या.

तेव्हा मला सेठजी आठवले. कुछ छूट तो नहीं गया? आमच्या धंद्यात चटकन आलेल्या उत्तरावर जरा संशय घ्यायचा असतो. मी नोंदलेली मुलं मोजली, पडद्यावर कधी ना कधी येऊ शकतील अशी मुलं मोजली. नोंदलेली जास्त, येऊ शकणारी कमी. माझ्या आधीही तसंच होतं, म्हणजे मी काही सांडलं नव्हतं. मग सांडले कोण?

इथे मला जॉइनची एक खोड सांगावी लागेल. समजा लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगितलं, जे जोडीनं आलेत त्यांनाच ताट मांड. तर एकटा आलेला माणूस उपाशी परत जाईल. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी अपमान केला नाही. त्याच्यापुढे ताटच आलं नाही. तो घरी जाऊन म्हणणार, या लोकांना मी नको होतो. जावईबापूंनी मुलांचं टेबल आणि पत्रिकांचं टेबल असंच जोडलं होतं. मुलगा आणि त्याची पत्रिका, दोघं जोडीनं असतील तरच पडद्यावर. ज्याची पत्रिका नाही तो गायब. नोंदणीत नाव आहे, उघडून बघितलं तर फोटोही हसतोय, पण कुठल्याही मुलीच्या शोधात तो येणार नाही. कधीच नाही.

मी गायब झालेल्यांची नावं काढली. तिसरं नाव मंदार होतं. काकूंचा मंदार.

मंदारला काकूंनी आणि काकांनी तो तान्हा असताना अनाथाश्रमातून आणला. काका लवकर गेले, काकूंनी एकटीनं वाढवला. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणी लपवलेलंही नाही. तो कोणत्या वेळी जन्मला हे आश्रमालाही माहीत नव्हतं, तर पत्रिका कुठून होणार? आता सदरमध्ये त्याचं केक-बिस्किटांचं दुकान आहे. मुलगा गोड, माल उत्तम, आणि तोंड अखंड चालू. ब्रेड घ्यायला गेलेलं माणूस त्याची सगळी मतं घेऊन परत येतं.

गेली काही वर्षं काकू त्याचं नाव नोंदवत होत्या आणि एकही फोन आला नव्हता. काकू इतरांची लग्नं जुळवायच्या, पण स्वतःच्या पोरासाठी एक शब्द टाकायच्या नाहीत. त्याचं नाव शोधातही घालून बघायच्या नाहीत, आणि मुलींसाठी आलेली यादी न वाचताच पडदा समोरच्यांकडे वळवायच्या. "टेबलाच्या या बाजूला बसून मी आपल्याच पोराची जाहिरात करू का?" म्हणायच्या. बाकी त्यांनी मनात काय ठरवलं होतं ते मला ठाऊक होतं, कारण एकदा ग्वारीघाटावर नर्मदेत दिवे सोडताना त्या बोलल्या होत्या. "लोक तोंडावर गोड बोलतात गं. पण आश्रमातलं पोर म्हटलं की मागे सरतात. मी त्याला घरी आणला, पण घरात घेतला तो फक्त मीच."

आता मी त्यांच्या शेजारी बसले आणि पंगतीची गोष्ट सांगितली. मला नाटक करत सांगायची सवय आहे, पण त्या दिवशी हात आपोआप मांडीवर राहिले. काकू पडद्याकडे बघत होत्या.

"म्हणजे त्याला कुणी नाही म्हटलंच नाही?"

"काकू, त्याला कुणी पाहिलंच नाही."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्या अमरावतीच्या मंडळाच्या बाईशी धड बोलली नाही. तिनंच नाकारला असंल म्हणून."

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. वाढप्याला सांगायचं की आलेल्या प्रत्येकाला ताट मांड. जोडीदार आला असेल तर शेजारी बसव, नसेल तर शेजारची जागा रिकामी ठेव. हुकमात एकच शब्द बदलायचा. पण मंडळाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शब्द बदलायचा म्हणजे नानांना विचारायला हवं, आणि नानांना विचारायचं म्हणजे सभा.

सभेत नाना म्हणाले, "पत्रिका नाही तर आम्ही जुळवायचं काय? माती? नियम म्हणजे नियम, शोभाताई."

"नियम कधी झाला, नाना?"

"अरे, असणारच ना. मशीन काय मनानं करून राहिली का?"

मशीन काय काय करू शकते हे दाखवायची याहून चांगली संधी कुठली मिळणार? मी म्हटलं, बघा हं, आता मी मुलांचं टेबल आणि मुलींचं टेबल जोडते, अट काहीच घालत नाही. आणि बटन दाबलं. अट नसली की मशीन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडते. पडद्यावर जोड्यांची अशी रांग लागली की संपेचना. प्रत्येक मुलाला यादीतल्या झाडून सगळ्या मुली. सेक्रेटरींच्या मुलाची जोडी पहिल्यांदा त्याच्या सख्ख्या बहिणीशी लागली.

"अगं बंद कर, बंद कर!" सेक्रेटरींच्या मिसेस उठून पडद्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या. आता जोड्या त्यांच्या साडीवर सरकू लागल्या.

"हेही मशीननंच केलं," मी म्हटलं. "हाही नियम समजायचा का?"

नानांनी रागानं पुण्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "जावईबापू, पत्रिका नसलेली स्थळं दाखवायची नाहीत असं आपलं ठरलं होतं ना?"

पलीकडून जावई म्हणाले, "नाही हो बाबा, असं कुठे काय ठरलं होतं? तेव्हा जे पटकन सुचलं ते लिहिलं. मला काय माहीत की एखाद्याला पत्रिकाच नसते? आमच्याकडे तर मांजराची पण माझ्या आईनं काढून घेतलीय तुमच्याकडून."

खोलीत हसू दाबायचा सगळ्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. तो फसला. नानांनी फोन ठेवला आणि शेवटचा किल्ला लढवला. "ठीक आहे. पण गुण जुळवल्याशिवाय संसार होत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या, "तुमचे तर छत्तीसच्या छत्तीस जुळले होते ना नाना? मग वहिनी काहून गेल्या दिवाळीपासून तुमच्याशी माझ्या मार्फत बोलून राहिल्या?"

ठराव मंजूर झाला.

मला वाटलं, झालं काम. पण बाहेर पायऱ्यांवर काकूंनी माझा हात धरला. "त्याचं नाव राहू दे मागेच. बाकीच्यांची दाखव."

"काहून, काकू?"

"आतापर्यंत मशीनमुळे झालं असं तरी म्हणता येईल. आता पडद्यावर आला, सगळ्यांनी पाहिला, आणि तरी कुणी विचारलं नाही तर? मग मी काय म्हणू?"

माझ्या धंद्यात रिकामी जागा म्हणजे फक्त 'माहीत नाही'. त्या जागेत आईनं इतकी वर्षं काय काय भरलेलं असतं, ते कुठली मशीन वाचणार? मी म्हटलं, मंदारला विचारा. आम्ही दोघी त्याच्या दुकानात गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणजे मध्ये मध्ये बोलत ऐकलं.

"मतलब मैं था ही नहीं? आई, मी तर सगळ्या गावाला सांगून राहिलो होतो की मला नकार येतात!" आणि तो खो खो हसायला लागला. मग आईचा चेहरा बघून थांबला. "येऊ दे ना आई. नाही म्हणतील तर म्हणतील. निदान तोंड बघून तर म्हणतील."

मेळाव्याला हॉल भरला होता. पडद्यावर स्थळं झरझर येत होती. कुणीही माझ्याकडे येऊन म्हणालं नाही की वा, काय लवकर आलं. हे आमच्या धंद्याचं दुःख आहे. स्वयंपाक बिघडला तर आचाऱ्याला शिव्या, चांगला झाला तर यजमानाचं कौतुक. नाना पुढच्या रांगेत बसून पाहुण्यांना सांगत होते, "हमारे दामाद ने बनाया है."

मंदारचा फोटो आला. पत्रिकेच्या जागी रिकामा चौकोन. नानांनी तिथे 'उपलब्ध नाही' लिहायला सांगितलं होतं, मी विसरले. मला विसरायला चांगलं येतं. काकू हॉलच्या अगदी मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभ्या होत्या आणि पडद्याकडे न बघता पेले विसळत होत्या. ते आधीच विसळलेले होते. पुढे कुजबुज झाली. मग वर्ध्याकडचे एक गृहस्थ उठले आणि मोठ्यानं विचारलं, "केकचं दुकान स्वतःचं आहे का भाड्याचं?"

काकूंच्या हातातला पेला टाकीत पडला. प्रश्न दुकानाबद्दल होता!

त्याच संध्याकाळी मुला-मुलीची भेट झाली. मुलगी त्याच गृहस्थांची, वर्ध्याला शिक्षिका. त्यानंतर आठवडाभर काकूंचा फोन नाही. मीही केला नाही. मी सेठजींच्या जूनची तयारी करत बसले आणि प्रत्येक रिंगला दचकत राहिले.

मग एका दुपारी दार वाजलं. काकू. हातात खव्याच्या जलेबीचा पुडा, वरचा कागद तुपानं पारदर्शक झालेला. माझ्या नवऱ्यानं दार उघडलं.

"तोंड गोड करा!"

"अरे वा! जुळलं का?"

"नाही. नकार आला!"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. पण जलेबी समोर असली की तो फार चौकशा करत नाही.

काकू सोफ्यावर बसल्या. चेहरा असा, जणू पोराचा बोर्डात नंबर आलाय. "तिच्या वडिलांचा फोन आला. म्हणाले, घर चांगलं, मुलगा चांगला, दुकान चांगलं. पण आमची मुलगी म्हणते, मुलगा फार बोलतो. मला बोलूच दिलं नाही. शोभा, पत्रिकेचं नाव नाही काढलं गं त्यांनी! आश्रमाचं नाही, कशाचं नाही. बोलतो म्हणून नाही म्हटलं. अन् बोलतो तर तो आहेच. मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं!" आणि मग मात्र त्या रडल्या, जलेबी खात खात. ते दिसायला फार चांगलं नव्हतं.

मी पाणी आणून दिलं. "आणि मंदार? त्याला वाईट वाटलं का?"

"त्याला कुठं वाईट वाटायला वेळ आहे?" काकूंनी डोळे पुसले. "सकाळपासून दुकान सोडून तिला फोनवर समजावून राहिला, की मी काही एवढा बोलत नाही."

"सकाळपासून? आणि ती?"

काकूंनी दुसरी जलेबी उचलली.

"ऐकून राहिली ना बाई!"